नवा भिडू टीममध्ये आला की काय करावं: मुरलेल्या खेळाडूंसाठी

ऑनलाइन गेमची लॉबी, म्हणजे मॅचची वाट बघत थांबायची जागा. तिथं पाच नावं दिसतात. चार जणांचे अवतार नटूनथटून उभे, पाचवा मात्र गेमनं फुकट दिलेल्या कपड्यांत. लेव्हल तीन. मॅच सुरू व्हायच्या आधीच चॅटमध्ये कुणीतरी लिहितं, "झालं, हरलो आपण."

त्या पाचव्याला हे वाचता येतं, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं.

नवख्याशी वाईट वागायचे दोन मार्ग आहेत. पहिला शिव्यांचा, तो सगळ्यांना ओळखता येतो. दुसरा लाडाचा: त्याच्या वाटचं सगळं आपणच करून टाकायचं आणि त्याला मागे मागे फिरवायचं. दुसऱ्यात हेतू चांगला असतो, पण परिणाम जवळपास सारखाच. दोन्हीकडे खेळ नवख्याच्या हातातून जातो. खाली जे सांगतोय ते सगळं एकाच प्रश्नावर तपासून पाहा: आपल्या वागण्यामुळे त्याला स्वतःला काही करायला मिळालं का?

आधी खात्री करा: तो खरंच नवखा आहे का?

लेव्हल कमी म्हणजे नवखा, हे गणित दरवेळी बरोबर येत नाही. दोन वर्षांनी परतलेला असेल, दुसऱ्या गेममध्ये मुरलेला असेल, किंवा मुद्दाम नवं अकाउंट काढून बसलेला जुना खेळाडूही असेल. काही गेम ही ओळख स्वतःच करून देतात. 'फायनल फँटसी १४'मध्ये नव्या खेळाडूच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो आणि शिकवायची तयारी दाखवलेल्या जुन्या खेळाडूला मुकुटाची खूण लावता येते. बाकी ठिकाणी वागण्यावरून ओळखावं लागतं. खरा नवखा भर मैदानात उभा राहून हाती लागलेल्या वस्तूची माहिती वाचतो. नकाशा उघडला की पाय थांबतात, कारण दोन्ही एकदम करायची सवय अजून नसते. गोळी कुठून आली हे शोधायला तो गोल गोल फिरतो. याउलट लेव्हल तीनवाला एकामागून एक डोकी टिपत असेल, तर त्याला तुमच्या सल्ल्याची गरज नाही.

शंका असेल तर विचारा, पण विचारायची रीत महत्त्वाची. "नवीन आहेस का?" यात आरोपाचा वास येतो, आणि माणूस खोटं बोलून मोकळा होतो. "या मॅपवर पहिल्यांदाच का?" असं विचारलं की "हो" म्हणायला लाज वाटत नाही. मॅप तर जुन्यांनाही नवा असू शकतो.

तो तुमच्या टीममध्ये आलाच कसा, हा राग मनात असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा. खेळाडूंच्या जोड्या लावणाऱ्या यंत्रणेला सुरुवातीला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीत खेळाडूच्या गुणांसोबत त्या गुणांची खात्री किती, हेही मोजलं जातं. 'डोटा २' हा गेम २०२३ पासून ही पद्धत वापरतो. नव्या अकाउंटबद्दल खात्री सगळ्यांत कमी, म्हणून त्याचे पहिले काही सामने अंदाजपंचे लागतात आणि गुण जोरात वर-खाली होतात. यंत्रणा चाचपडत असते. त्यात नवख्याचा काय दोष?

पहिला मेसेज तुम्ही टाका

हे काम दहा सेकंदांचं आहे, पण त्यावर बरंच ठरतं. कारण तो मेसेज नवख्याइतकाच बाकीच्या तिघांसाठीही असतो. "झालं, हरलो" आधी आलं तर तिघं त्या सुरात सूर मिसळतात. त्याऐवजी "हाय. तुला जमेल तो हीरो घे, बाकी आम्ही सांभाळतो" हे आधी आलं, तर चिडका भिडूसुद्धा निदान गप्प बसतो.

छोटं लिहा. पहिल्या ओळीत तीन सूचना नकोत. "काळजी करू नकोस, मी आहे" असलं थोरल्या भावाचं बोलणंही नको. समोरचा तुमच्यापेक्षा वयानं दुप्पट असू शकतो. हीरो किंवा भूमिका निवडताना त्याला ढकलू नका. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये दीडशेहून जास्त पात्रं आहेत. त्यातलं त्याला एखादंच माहीत असेल आणि तेच तो घेणार. "हे टीमला सूट होत नाही" हे खरं असलं तरी त्याच्या उपयोगाचं नाही. पात्राचा मेळ तुम्ही बसवा, कारण तुम्हाला पाच पात्रं खेळता येतात आणि त्याला एक.

एका मॅचला एकच गोष्ट

बहुतेक चांगले खेळाडू इथंच घसरतात. ज्ञान तोंडाशी आलेलं असतं, आणि नवखा ऐकतोय म्हटल्यावर धबधबा सुरू होतो.

एक गोष्ट निवडा. कोणती? ज्यामुळे तो सगळ्यांत जास्त वेळा मरतोय ती. तुम्हाला जी सुंदर वाटते ती नव्हे. 'व्हॅलोरंट' या गोळीबाराच्या गेमचं उदाहरण घेऊ. तुमच्या डोक्यात धुराच्या भिंती, कोपरे, जागा धरण्याच्या वेळा असतात. नवख्याचा प्रश्न त्याच्या फार आधीचा असतो: तो सगळीकडे धावतो आणि त्याच्या पावलांचा आवाज समोरच्यांना ऐकू जातो. तेव्हा "शत्रू जवळ असेल तर शिफ्ट दाबून चाल, आवाज येत नाही" एवढंच सांगायचं. या एका वाक्यानं तो त्या मॅचमध्ये दोन-तीन राउंड जास्त जगेल, आणि जगला तर बाकीचं स्वतः पाहील.

त्याच गेममधला पैशांचा हिशेब बघा. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे ८०० क्रेडिट असतात आणि व्हँडल किंवा फँटम रायफल २९०० ला मिळते. हरल्यावर पुढच्या राउंडला किती मिळतात, सलग हरल्यावर किती वाढतात, हे सगळं समजावत बसलात तर खरेदीची वेळ संपते. तिथं "या राउंडला काही घेऊ नकोस, पुढच्याला सगळे मिळून रायफल घेऊ" हे पुरतं. त्यात काय करायचं तेही आलं आणि का करायचं तेही. कारण न सांगता नुसतं "सेव्ह कर" म्हटलं तर तो त्या राउंडपुरतं ऐकेल आणि पुढच्या मॅचला पुन्हा तिथंच येईल. कारणाचं अख्खं व्याख्यान दिलं तर ऐकणारच नाही. अर्ध्या वाक्याचं कारण, हे माप लक्षात ठेवा.

आपापली बोली जरा आवरा. "रोटेट", "पील", "ईको", "अ‍ॅग्रो" हे शब्द वापरायला बंदी नाही, उलट ते त्याला शिकायचेच आहेत. पण पहिल्यांदा वापरताना सोबत कृती जोडा: "बी वर रोटेट, म्हणजे मागनं फिरून तिकडे ये." पुढच्या वेळी नुसतं "रोटेट" चालेल. 'डोटा'मध्ये "लास्ट हिट मार" म्हणण्याऐवजी "सैनिक मरायला आला की शेवटचा फटका तुझा पडू दे, सोनं त्यालाच मिळतं" असं म्हणा. हे ऐकल्यावर तो मिनिटभर फक्त तेवढंच करत बसेल. बसू द्या. चुकतील त्याचे फटके, निम्मे तरी चुकतीलच.

कधी बोलायचं, कधी तोंड मिटायचं

हे नीट, जवळून पाहू. 'व्हॅलोरंट'चाच एक राउंड: तुम्ही चौघं मेलात, उरला नवखा. समोर दोघं. स्पाइक, म्हणजे बाँब, लागलेला आहे आणि तो निकामी करायला सात सेकंद लागतात. निम्म्यावर हात काढला तरी तेवढं काम जमा राहतं, पण हे त्याला माहीत नाही. आता चौघंही त्याच्या खांद्यावरून बघताहेत आणि चौघांचे माइक चालू आहेत. "डावीकडे! डावीकडे बघ!" "अरे डिफ्यूज कर!" "आधी मार त्याला!" "वेळ नाहीये!"

खरं तर त्या क्षणी त्याला वाचवू शकणारी एकच गोष्ट होती: उजवीकडच्या पेटीमागे येणारी पावलं. ती चौघांच्या आवाजात बुडाली. तो मेला, आणि वर कुणीतरी म्हणालं, "बहिरा आहेस का?"

अशा वेळी नियम सोपा आहे. मेलेल्यानं बोलायचं ते फक्त माहितीपुरतं, एकदाच, आणि जिथं मेला तिथलं: "एक जण पेटीमागे, अर्धा मेलाय." त्यानंतर शांतता. काय करायचं ते तो ठरवेल. चुकीचं ठरवेल बहुधा, पण तो निर्णय त्याचा असेल, आणि निर्णय घेतल्याशिवाय तो सुधारायचा कसा? निम्म्यावर काम जमा राहतं, ही गोष्ट राउंड संपल्यावर सांगा. तेव्हा ती त्याच्या डोक्यात कायमची बसेल, कारण नुकताच तसल्याच प्रसंगात मेलाय.

चकमक चालू असताना शिकवणी नको, एवढं पाळलं तरी पुष्कळ. मरण, राउंडमधला विराम, परत जन्मायची वाट, लॉबी: गेममध्ये रिकामा वेळ भरपूर असतो.

माइक नसेल तर

नवखा बोलत नाही म्हणजे ऐकत नाही, असं नाही. माइक नसेल, घरात कुणी झोपलेलं असेल, भाषा वेगळी असेल. आवाज ऐकला की त्रास द्यायला टपलेले लोक असतात म्हणून कितीतरी मुली-बायका माइक बंदच ठेवतात. "माइक ऑन कर" असा तगादा लावू नका.

पिंग वापरा, म्हणजे बटण दाबून सोबत्यांना खूण दाखवा. 'एपेक्स लेजंड्स' २०१९ मध्ये आला तेव्हा त्याच्या पिंगची सगळीकडे चर्चा झाली, कारण एका बटणावर शत्रू, वस्तू, जायची जागा असं सगळं दाखवता येतं आणि अनोळखी लोक एक अक्षर न बोलता नीट खेळू शकतात. नवख्याला हे बटण कुठलं ते सांगितलंत, की त्यालाही तोंड मिळतं. मात्र एकाच जागी रागानं दहा वेळा पिंग वाजवणं ही शिवीच असते. सगळ्यांना ती कळते.

न बोलता किती शिकवता येतं, याचा माझा आवडता नमुना २०१२ चा 'जर्नी'. त्यात दोन अनोळखी खेळाडू भेटतात. चॅट नाही, सोबतीचं नावसुद्धा शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त एक सूर काढता येतो. सगळी चमकती चिन्हं गोळा केलेल्याला पांढरा झगा मिळतो. असे झगेवाले नवख्याला चिन्हाजवळ नेतात, तिथं थांबतात आणि सूर काढत राहतात. उचलायचं मात्र ज्याचं त्यानं.

मदतीचा अतिरेक

आता लाडाकडे येऊ. 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'मध्ये अडलेला खेळाडू आकाशात एसओएसचा बाण सोडतो आणि कुणीही मदतीला येऊ शकतं. मोठ्या शस्त्राचा गडी येतो, तीन मिनिटांत प्राणी आडवा पाडतो आणि निघून जातो. नवख्याला बक्षीस मिळतं. पुढचा प्राणी जास्त अवघड असतो आणि तो आधीचा प्राणी कसा हल्ला करतो हेच नवख्याला कळलेलं नसतं. तो पुन्हा बाण सोडतो. असं करत करत तो अशा ठिकाणी पोचतो, जिथं त्याच्या अंगावर सामान आहे पण हातात काही नाही.

त्याऐवजी शस्त्र एक पायरी खालचं घ्या. प्राण्याचं लक्ष स्वतःकडे ओढा, औषध द्या, सापळा लावा, फटके त्याला मारू द्या. 'डीप रॉक गॅलॅक्टिक'सारख्या खेळात अवघडपणाच्या पाच पायऱ्या आहेत. नवखा सोबत असेल तर तुमच्या सवयीची पायरी निवडू नका.

भेटवस्तूंचं तसंच. 'माइनक्राफ्ट'च्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी हिऱ्यांचं चिलखत हातात ठेवलं, तर लाकूड तोडण्यापासून लोखंडापर्यंतचा सगळा मजेचा भाग तुम्ही खाल्लात. भाकरी द्या, रात्र काढायला जागा द्या, खाण कुठं आहे ते दाखवा. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या गेममध्ये तर लढाईत उडालेलं जहाज कायमचं गेलं. नवख्याला भरमसाट पैसे दिले की तो मोठं जहाज घेतो, चालवता येत नाही, आणि तासाभरात सगळं राख. तिथले जुने लोक परवडतील अशी लहान लहान जहाजं देतात आणि ती उडवून घ्यायला लावतात. फार शहाणी रीत आहे ही.

आणखी एक अतिरेक घाईचा. 'फायनल फँटसी १४'च्या गुहेत नवखा गोष्टीचं दृश्य बघत असतो आणि बाकीचे राक्षसाशी लढाई सुरू करून टाकतात. दृश्य संपेपर्यंत दार बंद. थांबा की दोन मिनिटं! त्या गेमनं तर थांबण्याची सोयच करून ठेवलीय: टीममध्ये ती गुहा पहिल्यांदा पाहणारा कुणी असेल तर पार पाडल्यावर सगळ्यांनाच जास्तीचं बक्षीस मिळतं.

चूक झाली की

चूक होणारच, आणि काही खेळांत तिची किंमत सगळी टीम मोजते. 'मॉन्स्टर हंटर'मध्ये साधारणपणे तीनदा कुणीही पडलं की मोहीम फसली. तिन्ही वेळा नवखाच पडला असेल. अशा वेळी तो स्वतःच "सॉरी" लिहितो. त्यावर "इट्स ओके" म्हणून गप्प बसू नका, कारण ते खरं वाटत नाही. काय झालं ते सांगा: "तो शेपूट वर उचलतो ना, तेव्हा मागे नाही, पोटाखाली घुसायचं." यातून त्याला दोन गोष्टी कळतात: चूक नेमकी काय होती, आणि तुम्ही पुन्हा खेळणार आहात.

"तू का गेलास तिकडे?" याला उत्तर नसतं. "पुढच्या वेळी माझ्या नंतर आत ये" याला असतं. बोलण्यातला काळ बदला, भूतकाळातून भविष्यात आणा, निम्मी कटुता तिथंच जाते. आणि एखादी गोष्ट बरोबर केली तर तीही नेमकेपणानं सांगा. "छान खेळलास" सगळेच म्हणतात. "तो धूर वेळेवर टाकलास म्हणून आपण आत गेलो" हे कुणी म्हटलं तर माणूस ते विसरत नाही.

दुसराच कुणी शिव्या देत असेल तर

वाद घालू नका. एक ओळ पुरे: "राहू दे, खेळूया." मग नवख्याला म्यूटचं बटण कुठं आहे ते सांगा, नव्या माणसाला ते सापडत नाही आणि तो अख्खी मॅच ऐकत बसतो. मॅच संपल्यावर रिपोर्ट करा. बाहेर काढायचं मतदान आलं आणि त्याचा गुन्हा फक्त नवखेपणा असेल, तर "नाही" दाबा. गप्प राहणं हेही तिथं मतच असतं.

इथं एक मर्यादा सांगतो. जो मुद्दाम आपल्याच टीमला मारतोय किंवा खेळ सोडून उभा आहे, त्याला नवखा म्हणून पदरात घ्यायची गरज नाही. अज्ञान आणि खोडसाळपणा यांत फरक आहे, आणि एकदा नीट सांगून पाहिल्यावर तो बहुतेक वेळा दिसतो.

नवखा समोरच्या टीममध्ये असेल तर

त्याला मारा, खेळ आहे. पण जन्मतो त्या जागी दबा धरून पुन्हा पुन्हा मारणं, प्रेतावर नाचणं, यात पराक्रम काय? मुद्दाम हरणंही नको, ते ओळखू येतं आणि अपमान वाटतो. जिंकलात की "जीजी" (गुड गेम) लिहा आणि पुढे चला.

नवं अकाउंट काढून नवख्यांची शिकार करणं हा मात्र सरळ लबाडीचा धंदा आहे. 'डोटा २'च्या कंपनीनं, वाल्वनं, सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९०,००० अकाउंट बंद केली आणि यापुढे मूळ अकाउंटवरही कारवाई होऊ शकते असं बजावलं. 'ईव्ह'सारख्या निर्दय गेममध्येसुद्धा, जिथं फसवाफसवी नियमात बसते, नवे खेळाडू जिथं सुरुवात करतात त्या तारामंडळांत त्यांना छळायला मनाई आहे.

मॅच संपल्यावर

इथं थोडक्यात. गेममध्ये शाबासकीची सोय असेल ('ओव्हरवॉच'मध्ये २०१८ पासून आहे) तर नवख्याला द्या. सरावाचं मैदान आणि बॉट्सशी, म्हणजे संगणक चालवतो त्या खेळाडूंशी, खेळायचा मोड कुठं आहे ते दाखवा. व्हिडिओच्या दहा लिंका पाठवू नका, एकही बघितला जात नाही. एक पाठवा, छोटा. 'डोटा'मध्ये प्रशिक्षक बनून बसता येतं, नवख्याच्या बाजूचा खेळ बघत नकाशावर रेघा काढून दाखवता येतात. तशी सोय तुमच्या गेममध्ये असेल तर मॅच खेळण्यापेक्षा तीच वापरा. आणि गोडी लागलीय असं दिसलं तर त्याला एखाद्या शिकवणाऱ्या गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या गटाचा, पत्ता द्या. 'ईव्ह'मधली ईव्ह युनिव्हर्सिटी ही खेळाडूंनीच चालवलेली संस्था २००४ पासून हेच करतेय. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं २०२० मध्ये नवख्यांसाठी वेगळं चॅट सुरू केलं, आणि तिथं उत्तरं द्यायला अनुभवी खेळाडू असतात.

वय, शाळा, फोन नंबर, फोटो विचारू नका. समोर लहान मूल असू शकतं. "तुझं अकाउंट दे, मी रँक वाढवून देतो" हे तर चुकूनही नको. बऱ्याच गेममध्ये ते नियमाविरुद्ध आहे, आणि अकाउंट लुबाडणारेही नेमकं हेच वाक्य वापरतात. दुसरा कुणी असं विचारत असेल तर नवख्याला सावध करा.

कंटाळा आला असेल, रँकची महत्त्वाची मॅच असेल, तर शिकवायचं बंधन तुमच्यावर नाही. "आज रँक खेळतोय, उद्या साध्या मोडमध्ये भेटू" म्हणायला काय हरकत आहे? फक्त उद्या म्हणालात तर उद्या या.

सल्ला नको असलेला नवखाही भेटेल. "मला माझं खेळू दे" म्हणाला तर खेळू द्या, रागावू नका. उलट, जो आठवडाभर तुमचं सगळं ऐकत होता तो एक दिवस तुमच्याशी वाद घालेल, "तिकडून नको, इकडून जाऊ" म्हणेल. त्या मॅचला कुठं उतरायचं ते त्यालाच ठरवू द्या. त्यानं चुकीची जागा निवडली तरी सोबत उतरा.